छोट्या तोफेवर तीनशे वर्षं कशी रंगवायची

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत जागा दिली. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. या किल्ल्यांच्या प्रतिकृती करणारे हौशी लोक आपल्याकडे आधीपासूनच भरपूर आहेत. कुणी दिवाळीत अंगणात मातीचा रायगड उभा करतो, कुणी वर्षभर खपून काचेच्या पेटीत प्रतापगडाचा देखावा बसवतो. या सगळ्यांना कधी ना कधी एकच प्रश्न छळतो. मावळ्याचा चेहरा जमला, पागोट्याची घडी जमली, बुरुजाचा दगड खरा वाटतो, मग तलवार आणि तोफ तेवढी खोटी का दिसते?

दुकानात विचारलं तर चांगल्यातला चंदेरी रंग हातात ठेवतात. तो महाग असतो आणि लावल्यावर तोफ जास्त चकचकीत दिसते, पण लोखंडाची वाटत नाही. अडचण रंगाच्या प्रतीत नसतेच. धातू डोळ्याला कसा ओळखू येतो आणि जुना होताना त्याचं काय होतं, हे कळल्याशिवाय कुठलीही बाटली उपयोगाची नाही. म्हणून आधी तेच समजून घेऊ.

## धातू डोळ्याला कसा कळतो

जेवणाचं स्टीलचं ताट खिडकीजवळ धरून नीट बघा. त्यात सलग राखाडी रंग कुठेच सापडणार नाही. कडेला जवळजवळ पांढरी पट्टी असते, तिला चिकटून जवळजवळ काळी, मध्ये आभाळाचा निळसर तुकडा, खालच्या अंगाला तुमच्या कपड्यांचा रंग. ताट जरा तिरपं केलं की या पट्ट्या सरकतात. गडद आणि उजळ इतके शेजारी-शेजारी आले आणि हलवल्यावर त्यांनी जागा बदलली, की समोर धातू आहे असं मेंदू ठरवून टाकतो. लोखंड, चांदी, ॲल्युमिनियम यांना स्वतःचा रंग नसल्यातच जमा; समोर जे असेल ते परत दाखवायचं एवढंच ते करतात. तांबं आणि सोनं निळसर प्रकाश शोषतात, म्हणून त्यांच्यातलं प्रतिबिंब तांबूस किंवा पिवळं होऊन येतं.

चंदेरी रंगात हे काम बारीक खवले करतात. काही रंगांत ते ॲल्युमिनियमचे असतात, तर पाण्यात मिसळणाऱ्या बऱ्याच रंगांत अभ्रकाचे. प्रत्येक खवला इवलासा आरसा. इथे प्रतिकृतीचं प्रमाण आड येतं. १/७२ प्रमाण म्हणजे खऱ्या वस्तूचा बहात्तरावा भाग. पाच फूट सात इंचांचा माणूस त्यात जेमतेम २४ मिलिमीटर उंच होतो. समजा, रंगातला खवला ४० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा भाग आहे. तो आपल्याला बारीक वाटतो. पण त्याला ७२ ने गुणलं की खऱ्या तोफेच्या मापात तो जवळजवळ तीन मिलिमीटरचा झाला. खऱ्या तोफेवर कुणी तीन मिलिमीटरची टिकली-टिकली चिकटवली असती तर ती जशी दिसली असती, तशीच आपली छोटी तोफ दिसते. म्हणून प्रतिकृतींसाठी खास दळलेले, अतिशय बारीक खवल्यांचे रंग वेगळे मिळतात आणि या एका बाबतीत पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जुना धातू घ्या. पृष्ठभाग गंजला, काळवंडला, चरे पडले की प्रकाश सरळ परत येत नाही, विखुरतो. आरसा तुटतो आणि मंदपणा येतो. पण तो सगळीकडे सारखा येत नाही. जिथे हात लागतो, घासलं जातं, तिथे चकाकी टिकते. जिथे पाणी आणि धूळ साचते तिथे ती मरते. जुन्या धातूचं रंगकाम हे निम्म्याहून जास्त या वाटणीचं काम आहे. कुठे चकाकी ठेवायची आणि कुठे मारायची, हे ठरलं की रंगाची निवड सोपी होते.

घरच्या समईत हे सगळं एकाच ठिकाणी बघायला मिळतं. चिंचेने घासलेली समई उंचवट्यांवर झळकते, कारण चिंचेतलं आम्ल काळपट थर विरघळवतं आणि बोटं उंचवट्यांवरच जोर देतात. नक्षीच्या खाचांत बोट पोचत नाही, तिथे तपकिरी-काळा थर वर्षानुवर्षं राहतो. प्रतिकृती रंगवणाऱ्या हौशी लोकांच्या दोन मूळ युक्त्या या समईवरच आहेत. पहिली म्हणजे वॉश: खूप पातळ केलेला गडद रंग, जो आपोआप खाचांत उतरून बसतो. दुसरी कोरडा ब्रश: ब्रशवरचा रंग फडक्याला जवळजवळ पूर्ण पुसून मग उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा, म्हणजे फक्त कडा उजळतात. एक खाचांतला मळ दाखवते, दुसरी घासलेला उंचवटा.

## प्रत्येक धातू आपापल्या रीतीने म्हातारा होतो

लोखंडाला गंज चढायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, आणि मीठ असेल तर वेग फार वाढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो फुगतो, पापुद्रे धरतो आणि गळून पडतो. खालचं ताजं लोखंड उघडं पडलं की तेही गंजू लागतं. म्हणून लोखंडाचं म्हातारपण खडबडीत असतं. रंगही एक नसतो. कालच्या पावसातला गंज नारिंगी, काही महिन्यांचा विटकरी, आणि शतकांचा गंज इतका गडद तपकिरी की लांबून काळाच वाटावा. नवशिक्यांच्या तोफा भगभगीत नारिंगी होतात त्या इथेच चुकतात. नारिंगी रंग ताज्या गंजाचा आहे. शेकडो वर्षांच्या तोफेवर तो असला तर थोडा, ओलाव्याच्या जागी, आणि बाकी सगळं अंग गडद.

तांब्याची गोष्ट वेगळी. न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला तेव्हा तांब्याच्याच रंगाचा होता. मग तो तपकिरी, काळपट होत गेला आणि १९२० च्या सुमारास आज दिसतो तसा हिरवा झाला. हा हिरवा थर गंजासारखा सुटत नाही. तो घट्ट बसतो आणि खालच्या तांब्याचं बऱ्यापैकी रक्षण करतो. त्यामुळे जुनं तांबं खडबडीत न दिसता गुळगुळीत आणि दुधाळ हिरवं दिसतं. खुल्या हवेत, खाऱ्या वाऱ्यात, कित्येक वर्षांनी हे घडतं. घरात वापरातला तांब्याचा हंडा हिरवा होत नाही, काळवंडतो. म्हणून मावळ्याच्या कमरेच्या पितळी बकलावर हिरवा रंग चढवणं मला पटत नाही. रोज वापरातलं पितळ तपकिरी होतं, फार तर एखाद्या खाचेत हिरवट ठिपका.

कांस्य म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. विजापूरच्या बुरुजावरची ‘मुलूख मैदान’ तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, आणि ती कांस्याची आहे. तिच्यात लोखंड नाही, त्यामुळे तांबूस गंज तिच्यावर चढूच शकत नाही. देखाव्यात मुलूख मैदान ठेवून तिच्यावर विटकरी गंज रंगवणं म्हणजे तोफेचा धातूच बदलून टाकणं. कुठलीही तोफ रंगवायला घेण्याआधी ती लोखंडी की कांस्याची, एवढं तरी शोधून काढावं.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते, त्यामुळे दागिन्याच्या खाचा काळ्या आणि माथे उजळ. सोनं काळवंडत नाही. मुलाम्याच्या कामावर फक्त मळ साचतो आणि झिजलेल्या जागी खालचा धातू डोकावतो. ॲल्युमिनियम मंद, पांढुरकं होतं. विमानांच्या प्रतिकृती करणाऱ्यांनी त्यावर तांबूस गंज रंगवू नये.

आणि सगळं जुनं लोखंड गंजतंच असंही नाही. दिल्लीत कुतुबमिनारच्या आवारातला लोहस्तंभ सुमारे सात मीटर उंच, सहा टनांहून जड आणि जवळपास सोळाशे वर्षांचा आहे. त्यातल्या फॉस्फरसच्या प्रमाणामुळे आणि दिल्लीच्या कोरड्या हवेमुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला आणि तो टिकला. १९९७ मध्ये त्याच्याभोवती कुंपण घातलं गेलं, तोवर लोक पाठ टेकवून त्याला मागून मिठी मारायचा प्रयत्न करत. त्या सततच्या घासण्याने स्तंभावर माणसाच्या उंचीला एक वेगळा, घोटलेला पट्टा उमटला. माणसाच्या अंगाने धातूवर काय लिहिलं जातं, याचा इतका मोठा नमुना दुसरा मला ठाऊक नाही.

## आधी साल ठरवा

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आता सांगतो, कारण चांगले हात असलेले लोकसुद्धा इथे घसरतात.

आपण किल्ल्यावर जातो आणि गवतात पडलेली गंजकी तोफ बघतो. तिचा फोटो काढतो. घरी येऊन त्या फोटोप्रमाणे तोफ रंगवतो, अगदी हुबेहूब. मग तिच्या शेजारी बत्ती घेऊन गोलंदाज उभा करतो. एकाच देखाव्यात दोन काळ आले. तो गोलंदाज सतराव्या शतकातला आहे आणि तोफ आजची. त्याच्या हयातीत ती तोफ अशी नव्हती. तोफ ही त्या काळातली अतिशय मोलाची वस्तू. ती पावसात सडू देणारा किल्लेदार टिकला नसता.

१६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदीचं काम सुरू केलं आणि ते थांबवायला इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही आले. हा प्रसंग रंगवायचा असेल तर तोफा गडद, तेल-काजळी खाल्लेल्या, कामावरच्या दिसल्या पाहिजेत. समुद्र जवळ आहे म्हणून खालच्या बाजूला, जिथे पुसणाऱ्याचा हात पोचत नाही तिथे, थोडा गंज जरूर असावा. त्याच खांदेरीवर आज आलेले पर्यटक दाखवायचे असतील तर तोफेवर तीनशे वर्षं बिनदिक्कत चढवा: पापुद्रे, खड्डे, खालच्या दगडावर उतरलेले तपकिरी ओघळ.

मग १६७९ च्या तोफेवर जुनेपण कुठे दाखवायचं? वापरात. तोफेच्या कानात, म्हणजे बत्ती देण्याच्या छिद्राभोवती, दारूची काळी-राखाडी काजळी पसरलेली असते. काळ्या दारूच्या राखेतले क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात, म्हणून कानाभोवती आणि तोंडाशी गंज लवकर धरतो आणि म्हणूनच बार काढल्यावर तोफ धुवावी लागे. तेव्हा काजळी आणि तिच्या कडेने किंचित ताजा नारिंगी गंज, हे दोन ठिकाणी शोभून दिसतं. लाकडी गाड्यावर जिथे तोफेचे दोन बाजूंचे आडवे दांडे टेकतात तिथे घासून चकाकी आलेली असते. तलवारीचं पातं तेल लावून म्यानात राहतं, त्यामुळे ते उजळच ठेवा. मूठ आणि पातं मिळतात त्या सांध्यात मात्र घाम आणि धूळ साचते. चिलखताच्या कड्या एकमेकींवर घासून आपोआप घोटल्या जातात. गंज दाखवायचाच तर काखेखाली, पट्ट्याखाली, घाम मुरतो तिथे. मावळ्याच्या मुठीचं पितळ त्याच्या तळहाताने रोज घासलेलं आहे, ते चकाकायलाच हवं.

हा नियम फक्त आपल्या किल्ल्यांपुरता नाही. जपानच्या तामिया कंपनीमुळे १/३५ प्रमाणातले रणगाडे जगभर पसरले आणि धातू जुना दाखवण्याच्या बऱ्याचशा युक्त्या रणगाडे रंगवणाऱ्यांनीच काढल्या. त्यांच्यातही हाच वाद चालतो. दुसऱ्या महायुद्धातला रणगाडा कित्येकदा काही महिन्यांत निकामी होई. त्याच्या जाड पोलादाला आरपार गंज चढायला वेळच मिळत नसे. पण धुराड्यावरचा रंग उष्णतेने जळून जाई आणि तिथे गंज झटपट येई. साखळीपट्टे रात्रीच्या दवात तांबूस होत आणि सकाळी दगडी रस्त्यावर मैलभर चालले की पुन्हा घोटले जात. ज्याला हे कळतं तो धुराडं गंजवतो आणि बाकी चिलखती अंग सोडून देतो.

## ब्रश हातात घेतल्यावर

समजा, प्लास्टिकची, रेझिनची किंवा भाजलेल्या मातीची लोखंडी तोफ आहे आणि ती आजच्या किल्ल्यावरची, म्हणजे खरंच तीनशे वर्षं उन्हापावसात पडलेली दाखवायची आहे. इथे एक आनंदाची गोष्ट आपल्या बाजूने आहे. गेरू आणि पिवडी ही मुळात लोखंडाचीच संयुगं आहेत. गेरूचा तांबडा रंग ज्या खनिजामुळे येतो आणि पिवडीचा पिवळा ज्या खनिजामुळे, ती दोन्ही खऱ्या गंजातही सापडतात. पिवडी तव्यावर चांगली भाजली तर तिच्यातलं पाणी उडून ती तांबडी होते. म्हणजे वृंदावनाला लावायचा गेरू घेऊन आपण तोफेवर गंजाचं चित्र काढत नसतो, जवळजवळ गंजच लावत असतो. परदेशी बाटलीत मिळणारी गंजाची पूड आणि हा गेरू यांत मोठा फरक दळण्याचा आहे. त्यामुळे गेरू आणि पिवडी दोन्ही वस्त्रगाळ करून घ्या. सुती कापडातून दोनदा गाळली तर छोट्या प्रमाणालाही चालेल इतकी बारीक पूड मिळते. गाळताना नाकावर फडकं बांधा.

तोफेला आधी काळपट तपकिरी, बिनचकाकीचा अस्तराचा थर द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग फोमचा एक छोटा तुकडा बोटांनी तोडून त्याची कड वेडीवाकडी करा. चित्रकलेच्या दुकानात मिळणारे बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) हे दोन ॲक्रिलिक रंग वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून त्या फोमने टिपत जा. ब्रशने ओढलेली रेघ माणसाच्या हाताची वाटते. फोमचे ठिपके कुणी काढलेले वाटत नाहीत आणि गंजाला तेच हवं असतं. पहिला थर गडद, दुसरा जरा तांबूस आणि कमी जागेत, तिसरा त्याहून उजळ आणि त्याहूनही कमी जागेत. प्रत्येक थरात खालचा थर दिसत राहिला पाहिजे. खडबडीतपणा हवा असेल तर पहिल्या थरातच थोडी पूड मिसळा, पण हात आखडता ठेवा. १/३५ प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे खऱ्या तोफेवर पावणेदोन सेंटिमीटरचं ढेकूळ.

आता पाण्याचा विचार करा, अगदी पावसाळ्यात किल्ल्यावर उभं राहून करावा तसा. पाऊस वरून पडतो, तोफेच्या पाठीवरून दोन्ही बाजूंना ओघळतो, उठावाच्या कड्यांपाशी अडतो, पोटाखाली थेंब धरून राहतो. तोफ जमिनीला टेकली आहे तिथे ओलावा हिवाळ्यापर्यंत जात नाही. या जागांवर गेरू आणि अगदी थोडी पिवडी कोरड्या ब्रशने बसवा. ओघळ दाखवायला तैलरंगाचा बारीक ठिपका ठेवून, टर्पेंटाइनमध्ये ओलसर केलेल्या ब्रशने तो वरून खाली ओढा. जवळजवळ सगळा पुसला जाऊन मागे झाक उरली की थांबा. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी आणि दिवा-उदबत्ती लांब.

चकाकी सर्वांत शेवटी, आणि तिला रंग लागतच नाही. साध्या मऊ पेन्सिलीचं शिसं सॅंडपेपरवर घासून त्याची पूड करा, बोटाच्या टोकावर घ्या आणि तोफेच्या तोंडाची कड, उठावाचे माथे, पर्यटक हात ठेवतात ती पाठ यांवरून एकदाच फिरवा. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, आणि त्याची करडी, खोल चकाकी जुन्या लोखंडाशी इतकी जुळते की महागाचा चंदेरी रंग इथे मागे पडतो. गेरू-पिवडीची पूड उडू नये म्हणून बिनचकाकीचं वॉर्निश मारणार असाल तर ते ग्रॅफाइटच्या आधी मारा. नंतर मारलं तर सगळी चकाकी एका फवाऱ्यात मरते. वॉर्निशने गेरू थोडा गडद होतो, हेही धरून चाला.

रंगवलेलं लोखंड, म्हणजे रंग उडालेला दरवाजा किंवा रणगाडा असेल तर आणखी एक सुरेख युक्ती आहे. आधी सगळा गंज रंगवा, त्यावर वॉर्निश, त्यावर केसांना मारायचा हेअरस्प्रे, आणि तो वाळला की वरून ॲक्रिलिक रंग. थोड्या वेळाने ओल्या ब्रशने घासलं की हेअरस्प्रेचा थर पाण्यात विरघळतो आणि वरचा रंग टवके उडावेत तसा सुटतो, खाली गंज दिसतो. यात टवक्याचा आकार आपण ठरवत नाही, त्यामुळे तो खरा वाटतो.

तांब्या-कांस्यासाठी क्रम उलटा. आधी धातूचा रंग, मग तपकिरी वॉश, मग दुधाळ निळसर हिरवा रंग पाण्यात खूप पातळ करून खाचांत, आणि तो ओला असतानाच माथ्यांवरून बोटाने पुसून घ्यायचा. हिरवा सगळीकडे सारखा बसला तर धातू नाहीसा होतो, प्लास्टरचा पुतळा उरतो.

## चकचकीत रंग वापरायचे की साधे?

हौशी मंडळींत यावरून कडाक्याचे वाद होतात. एक पंथ खऱ्या धातुरंगांचा. दुसरा पंथ म्हणतो की धातुरंग अजिबात नकोत. पांढरा, काळा, निळा, तपकिरी या साध्या रंगांनीच धातूचा भास रंगवायचा. सुरुवातीला पाहिलेल्या ताटातल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या हे लोक ब्रशने काढतात, आणि ज्यांना जमतं त्यांचं काम बघत राहावंसं वाटतं.

पण त्याला एक मर्यादा आहे. नाटकाच्या पडद्यावर रंगवलेला महाल मधल्या रांगेतून खोल दिसतो आणि कडेच्या खुर्चीतून सपाट. साध्या रंगांनी रंगवलेल्या तलवारीचंही तसंच होतं. प्रतिबिंब रंगवलेलं असल्यामुळे ते सरकत नाही. फोटोसाठी किंवा एकाच बाजूने बघायच्या मोठ्या अर्धपुतळ्यासाठी ही पद्धत उत्तम. चारही बाजूंनी बघायच्या किल्ल्यासाठी मी धातुरंगच निवडेन आणि त्यावर पातळ काळपट, निळसर, तपकिरी झाका देऊन एक बाजू गडद, एक उजळ करेन. तलवारीच्या पात्याच्या मधल्या रेषेच्या अलीकडे गडद आणि पलीकडे उजळ, एवढं केलं तरी पातं धारदार दिसू लागतं. जुन्या धातूत तर दोन्ही पद्धती एकत्र नांदतात: गंज साध्या रंगांनी, घासलेली कड धातूने.

## मग खराच गंज का चढवू नये?

चढवता येतो. लोखंडाची बारीक पूड मिसळलेला रंग लावून त्यावर मिठाचं आणि व्हिनेगरचं पाणी मारलं की खरा गंज येतो. मोठ्या प्रतिकृतीवर, फूटभर लांबीच्या तोफेवर, तो छानच दिसतो. लहान प्रमाणात दोन अडचणी येतात. खऱ्या गंजाचा कण आणि पापुद्रा आपल्या प्रमाणात लहान होत नाही, तो असतो तेवढाच राहतो. शिवाय खरा गंज थांबत नाही. मीठ आत असेतोवर दमट हवेत तो चालूच राहतो आणि दोन पावसाळ्यांत शेजारच्या मावळ्याच्या अंगरख्यावरही डाग उतरतात.

याच मिठामुळे खऱ्या तोफांचं जतन अवघड होतं. समुद्रातून किंवा खाऱ्या मातीतून वर काढलेली लोखंडी तोफ नुसती वाळवून ठेवली तर क्षार आतून तिला पोखरत राहतात आणि ती पापुद्र्या-पापुद्र्याने फुटते. संग्रहालयातले तज्ज्ञ अशा वस्तू अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, द्रावणात महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं बुडवून ठेवतात आणि मीठ बाहेर काढतात.

म्हणून एक कळकळीची विनंती. घरी हात बसला की किल्ल्यावरच्या खऱ्या तोफेवरही काहीतरी करावंसं वाटू लागतं. गंज खरवडून काढावा, काळा ऑइलपेंट मारावा, म्हणजे ती छान दिसेल. हेतू चांगला असतो, पण आत ओलावा आणि मीठ कोंडून वरून रंग चढवला की गंज रंगाखाली वाढत राहतो, आणि खरवडताना तोफेवर कोरलेली अक्षरं आणि खुणा कायमच्या जातात. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय असं काही करणं कायद्यातही बसत नाही. घरातल्या जुन्या पितळी मूर्तीचं किंवा सापडलेल्या जुन्या नाण्याचंही तसंच. त्यावरचा थर हा त्या वस्तूचा इतिहास आहे. घासण्याआधी जाणकाराला दाखवा. आणि इथल्या युक्त्या वापरून नवी वस्तू जुनी म्हणून कुणाला विकू नका.

## दिवाळीच्या मातीच्या मावळ्यांना हे सगळं परवडतं का?

परवडतं, आणि त्यांना याचा सर्वांत जास्त फायदा होतो. बाजारातल्या मातीच्या चित्रांवर, म्हणजे मावळ्यांच्या छोट्या मूर्तींवर, तलवार, ढाल, भाला सगळं एकाच चंदेरी रंगाने फासलेलं असतं. त्यावर काळ्या-तपकिरी ॲक्रिलिकचा पातळ वॉश एकदा उतरवा आणि अर्ध्या मिनिटात माथ्यांवरून फडक्याने पुसा. खाचा गडद राहतात, उंचवटे उजळतात, नक्षी दिसू लागते. भाल्याच्या फाळाच्या कडेवर पेन्सिलीचं शिसं फिरवा. ढाल चामड्याची असेल तर तिच्यावरचा चंदेरी रंग काढून टाका, ती काळपट तपकिरी करा आणि चार फुल्या, म्हणजे ढालीवरचे गोल उठाव, तेवढ्या पितळी ठेवा. मुलांनाही हे सहज जमतं. त्यांना आधी समई दाखवा आणि काळं कुठे राहिलंय ते त्यांनाच शोधू द्या.

अंगणातल्या किल्ल्यावर रात्रीचं दव पडतं आणि वॉर्निश नसलेला गेरू सकाळपर्यंत ओघळून जातो. तेव्हा बाहेर ठेवायच्या चित्रांना पातळ वॉर्निशचे दोन हात द्या, मगच कडांना शिसं लावा. दुसरं म्हणजे रंग ज्या उजेडात बघितला जाणार त्याच उजेडात तपासा. पांढऱ्या ट्यूबखाली बरोबर वाटलेला गंज पणतीच्या पिवळ्या उजेडात फिका पडतो, कारण त्या उजेडात सगळंच नारिंगी होतं. तिथे गडद तपकिरी थोडा वाढवावा लागतो, आणि शिशाने घोटलेल्या कडा मात्र दिवसापेक्षा रात्रीच जास्त खुलतात.